दूर पल्ल्याची तिरंदाजी आणि महिला : सहा महिन्यांच्या प्रकल्पाच्या नोंदी

१२ जानेवारी

मंडळाच्या दूर पल्ल्याच्या तिरंदाजीत महिलांचा सहभाग वाढवण्याचे काम कार्यकारिणीने आज माझ्याकडे सोपवले. मुदत सहा महिन्यांची आहे. काय ठरवले, काय केले आणि त्यातले काय फसले, हे त्या त्या दिवशीच लिहून ठेवायचे असे मी स्वतःपुरते ठरवले आहे, कारण अशा उपक्रमांच्या शेवटी जो अहवाल लिहिला जातो त्यात फसलेल्या गोष्टींना सहसा जागा मिळत नाही.

दूर पल्ल्याची तिरंदाजी म्हणताना आमच्या डोळ्यांसमोर दोन प्रकार असतात. फ्लाइटमध्ये लक्ष्य नसते. रेषेवर उभे राहून बाण जितका लांब जाईल तितका सोडायचा आणि तो जमिनीत शिरला तिथपर्यंतचे अंतर मोजायचे. क्लाउटमध्ये दूरवर एक झेंडा रोवलेला असतो, त्याच्याभोवती जमिनीवरच पंधरा मीटर व्यासाचे वर्तुळ हे लक्ष्य मानतात, आणि बाण उंच चढवून त्या वर्तुळात उतरवायचा असतो.

सायंकाळी गेल्या वर्षीची मोजणीची वही काढून बसले. तिरंदाजांच्या रकान्यात महिलांची तीन नावे सापडली आणि त्यांपैकी एकही नाव दुसऱ्या सत्रात पुन्हा आलेले नाही. मग सहज म्हणून शेजारचा, म्हणजे नोंद घेणाऱ्यांचा रकाना पाहिला, तर तिथे जवळजवळ प्रत्येक पानावर महिलांचीच नावे आहेत आणि त्यांत सर्वाधिक वेळा माझे. चार वर्षे मी या मैदानावर येते आहे. मोजपट्टी धरते, आकडे लिहिते, हरवलेले बाण शोधून देते. बाण मात्र एकदाही सोडलेला नाही. महिला मैदानावर येतच नाहीत, या गृहीतावर हा प्रकल्प सुरू झाला होता, आणि ते गृहीत पहिल्याच दिवशी गळून पडले.

१९ जानेवारी

गेल्या काही वर्षांत येऊन सोडून गेलेल्या ज्या महिलांशी संपर्क होऊ शकला त्यांच्याशी या आठवड्यात बोलले. वेळ, घरची जबाबदारी, येण्याजाण्याची गैरसोय या विषयांवरचे प्रश्न मी आधीच लिहून नेले होते, आणि त्यांची उत्तरे मिळालीही. पण बोलणे रंगले की बहुतेक जणी स्वतःहून वेगळ्याच गोष्टीकडे वळत होत्या. बोटे सुजली. उजवा खांदा आठवडाभर दुखत होता. दोरी दर वेळी कोपराच्या आतल्या बाजूला लागून काळानिळा डाग पडायचा. एकीने सांगितले की चामड्याचा फिंगर टॅब, म्हणजे दोरी ओढणाऱ्या बोटांवरचे संरक्षक आवरण, तिच्या बोटांच्या पेरांच्या पुढे अर्धा इंच येत असे आणि बाण सोडताना दोरी त्यात अडकत असे. तिला वाटले होते की सोडण्याची आपली पद्धतच चुकते आहे.

दोघींनी मैदानावर स्वच्छतागृह नाही हे स्पष्ट शब्दांत सांगितले. फ्लाइटसाठी मोकळी, लांबलचक आणि वस्तीपासून दूरची जागा लागते, त्यामुळे ही अडचण या प्रकाराला चिकटलेलीच असते, आणि चार-पाच तासांच्या सत्रात ती किरकोळ राहत नाही. आजवर एकाही बैठकीत हा विषय निघाला नव्हता. मीही काढला नव्हता.

एक वाक्य मात्र मी तेव्हाच उतरवून घेतले : “सगळे मिळून बाण आणायला निघायचे, माझा बाण सर्वांत आधी पडलेला असायचा, मग मी तिथेच थांबायचे आणि बाकीचे बोलत बोलत पुढे निघून जायचे.” आपल्या मैदानाची ही रचना कोणी मुद्दाम केलेली नाही, पण प्रत्येक फेरीला ती एका व्यक्तीला सगळ्यांदेखत वाटेत एकटी उभी करते, आणि एका सत्रात असे निदान चार वेळा घडते.

२ फेब्रुवारी

आज मंडळाच्या सामाईक धनुष्यांचे वजन केले. वजन म्हणजे धनुष्याचे नव्हे, ओढीचे : दोरी ठरावीक इंचांपर्यंत ओढून धरताना बोटांवर जो भार येतो तो. वजनकाट्याला हुक असतो, तो दोरीत अडकवायचा, बाणावर इंचांच्या खुणा केलेल्या असतात, त्या पाहत सावकाश ओढायचे आणि काटा वाचायचा.

सामाईक रिकर्व्ह, म्हणजे टोके पुढे वळलेली, धनुष्ये सात आहेत. त्यांपैकी पाचांच्या पात्यांवर ३४ किंवा त्याहून अधिक पौंड लिहिलेले आहे, एकावर ३०, आणि एकावर २८. (धनुष्याच्या वरच्या आणि खालच्या वाकणाऱ्या भागांना इंग्रजीत लिंब म्हणतात; त्या शब्दावरून नवीन माणसे हमखास झाडाविषयी विचारतात, म्हणून मी इथे पाती असेच लिहीत जाईन.) पात्यांवर छापलेला आकडा २८ इंचांच्या ओढीचा असतो. ज्यांची ओढ आखूड, त्यांच्या बोटांवर प्रत्येक इंचामागे साधारण दोन पौंड कमी येतात. म्हणजे २५ इंच ओढीच्या व्यक्तीला ३४ चे धनुष्य प्रत्यक्षात २८ च्या आसपास लागते. हे ऐकायला सोपे वाटते, पण धनुष्य कधीच न ओढलेल्या प्रौढ महिलेने सुरुवात करावी ती सोळा ते वीस पौंडांपासून. आपल्याकडे त्या वजनाची फक्त दोन धनुष्ये आहेत, आणि ती लहान मुलांची म्हणून वेगळ्या कपाटात ठेवलेली असतात; वरच्या मोजणीत मीही ती धरली नाहीत, हे आता लिहिताना लक्षात आले.

याहून महत्त्वाची गोष्ट लांबीची निघाली. सातही धनुष्ये ६८ किंवा ७० इंचांची आहेत. लांब धनुष्य आखूड ओढीने पुरेसे वाकत नाही. पाती अर्धवट काम करतात आणि बाणाला मिळायची ती गती मिळत नाही. जवळच्या लक्ष्यावर हे झाकले जाते, कारण तिथे बाण थोडा हळू गेला तरी नेम वर-खाली करून गुण मिळवता येतात. फ्लाइटमध्ये ते झाकायला जागाच नसते, कारण अंतर हे बाणाच्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते किंवा घटते.

प्रयोग करायचा म्हणून माझ्या जोडीला नोंद घेणाऱ्या एका महिलेला, जी व्यवसायाने शिक्षिका आहे, तिच्या सवडीने मैदानावर बोलावले. आधी तिला ३४ चे, ७० इंची धनुष्य दिले. ती ते २३ इंचांपर्यंतच ओढू शकली. दंड थरथरत होता आणि बाण सुटला असे म्हणण्यापेक्षा निसटला असे म्हणावे लागेल. मग एका सदस्याकडून मागून आणलेले ६४ इंची धनुष्य दिले, ज्यावर २८ लिहिलेले होते. ते तिने साडेपंचवीस इंचांपर्यंत शांतपणे ओढले, क्षणभर धरले आणि सोडले. हलक्या धनुष्याचा बाण जड धनुष्याच्या बाणापेक्षा सात मीटर पुढे पडला. आम्ही दोघींनी ते अंतर दोनदा मोजले. धनुष्यात साठणारी ऊर्जा केवळ वजनावर ठरत नाही, ते वजन किती अंतरभर ओढले यावरही ठरते, हे पुस्तकात वाचलेले होते. पण समोर दोन बाण उभे पाहणे वेगळे.

९ फेब्रुवारी

कार्यकारिणीची बैठक झाली. आखूड रायझर (पाती जोडतात तो धनुष्याचा मधला, मुठीचा भाग), हलकी पाती आणि लहान मापाचे टॅब, छातीचे व हाताचे गार्ड यांची मागणी मांडली. एका ज्येष्ठ सदस्यांनी आक्षेप घेतला की साहित्य बदलून काही होणार नाही, अंतर हा ताकदीचा खेळ आहे आणि महिलांना तो मुळातच कमी झेपतो. त्यांनी हे चिडून म्हटले नाही, त्यामुळे उत्तरही आकड्यांनीच द्यावे असे मला वाटले.

१९०८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये पुरुषांसाठी १००, ८० आणि ६० यार्डांची फेरी होती, महिलांसाठी ६० आणि ५० यार्डांची. त्या वर्षी सुवर्णपदक जिंकणाऱ्या क्वीनी नेवॉल ५३ वर्षांच्या होत्या. दुसऱ्या आलेल्या लॉटी डॉड याआधी विम्बल्डनमध्ये पाच वेळा एकेरीच्या विजेत्या ठरल्या होत्या. त्यांना १०० यार्ड झेपले असते की नाही हे कोणी पाहिलेच नाही, कारण रेषा आधीच जवळ आखलेली होती. पुढे आंतरराष्ट्रीय फेरीतही पुरुषांसाठी ९० मीटर आणि महिलांसाठी ७० मीटर हे सर्वांत लांब अंतर राहिले. आज ऑलिंपिकमध्ये दोघेही ७० मीटरवरूनच बाण सोडतात, आणि २०२४ च्या पॅरिसमध्ये ७२ बाणांच्या मानांकन फेरीत दक्षिण कोरियाच्या लिम सी-ह्यॉन हिचे गुण ६९४ होते, तर पुरुषांत पहिल्या आलेल्या किम वू-जिन याचे ६८६. पुरुषांचा जागतिक विक्रम ब्रॅडी एलिसनच्या नावावर ७०२ गुणांचा आहे, तेव्हा एका दिवसावरून मोठा निष्कर्ष काढू नये हेही मीच सांगितले.

निव्वळ अंतराच्या प्रकारात फरक आहे आणि तो नाकारण्यात अर्थ नाही. रिकर्व्ह फ्लाइटमध्ये अमेरिकेच्या डॉन ब्राउन यांनी १९८७ मध्ये १२२२ मीटर गाठले; महिलांत एप्रिल मून यांनी १९८१ मध्ये युटामधील वेंडोव्हर येथे ९५०.३९ मीटर. पण आमच्या मैदानावर आजवर कोणत्याही पुरुषाचा बाण ९५० च्या जवळपासही गेलेला नाही, हे सांगितल्यावर टेबलाभोवती हसू पसरले आणि आक्षेप घेणारे सदस्यही हसले. अर्धी मागणी मंजूर झाली. स्वच्छतागृहाचा विषय “पुढील बैठकीत” गेला.

२३ फेब्रुवारी

साहित्य आले. चौदा, अठरा आणि बावीस पौंडांची आखूड पाती प्रत्येकी एक जोडी आणि दोन लहान रायझर. चौदाच्या पात्यांवर मुलांसाठीची रंगीत चित्रे चिकटवलेली होती. मी आणि शिक्षिकाबाईंनी अर्धा तास बसून ती नखांनी खरवडून काढली, आणि खाली राहिलेला चिकटपणा तेलाने पुसला.

हे क्षुल्लक वाटू शकते, पण हलक्या धनुष्याची लाज ही जुनी गोष्ट आहे. इस्तंबूलच्या ओकमेयदानी या मैदानावर, जे १४५३ नंतर तिरंदाजांसाठी राखून ठेवले गेले आणि जिथे विक्रमी बाण पडला तिथे दगडी खांब उभारण्याची प्रथा होती, नवशिक्याला आरंभी केपाझे नावाचे अगदी मऊ धनुष्य देत. त्यावर बाण न लावता तो ओढण्याचा सराव करी, मग टप्प्याटप्प्याने जड धनुष्याकडे जाई, आणि ९०० गेझ म्हणजे जवळपास ५९४ मीटर बाण टाकल्यावरच त्याला तिरंदाज म्हणून मान्यता मिळे. ज्या मैदानावर सोळाव्या शतकात तोझकोपारान इस्केंदर यांच्या नावावर सुमारे ८४६ मीटरचा पल्ला नोंदला गेला, तिथेही सुरुवात हलक्या धनुष्यानेच होत असे. आजच्या तुर्की भाषेत मात्र केपाझे या शब्दाचा अर्थ हसे झालेला माणूस असा आहे. धनुष्याने आपले काम चोख केले, नाव मात्र खराब झाले.

८ मार्च

आज महिलांसाठी खास दिवस ठेवावा अशी सूचना आली होती आणि मी ती नाकारली, याबद्दल दोन-तीन जणांची नाराजी ओढवून घेतली आहे. गेल्या वर्षी असा दिवस झाला होता. गर्दी होती, छायाचित्रे चांगली आली, प्रत्येकीला तीन बाण मिळाले, आणि पुढच्या महिन्यात त्यांपैकी कोणीही परतले नाही. तीन बाणांत माणसाला फक्त एवढेच कळते की हे आपल्याला जमत नाही. त्याऐवजी सहा जणींचा एक गट, सलग आठ सत्रे, प्रत्येकीच्या मापाचे धनुष्य तिच्या नावाने बाजूला ठेवलेले, अशी मांडणी ठरवली आहे. गटात मी स्वतःचेही नाव घातले.

१६ मार्च

पहिले सत्र. बाण सोडला नाही. फक्त ओढणे, धरणे आणि सावकाश परत सोडणे. रिकामी दोरी कधीही सुटू द्यायची नाही, कारण बाण नसताना सगळी ऊर्जा धनुष्यातच परत जाते आणि पाते तडकू शकते, हे प्रत्येकीला दोरीला हात लावण्याआधी सांगितले. एकीने विचारले, “मग बाण फार हलका असला तर?” प्रश्न अचूक होता. फ्लाइटमध्ये हलक्या बाणाचा मोह सर्वांनाच होतो, आणि त्याला मर्यादा असते ती याच कारणाने.

दुसरा तास कोनावर गेला. हवेचा विरोध नसता तर ४५ अंशांचा कोन सर्वोत्तम ठरला असता. बाणासाठी तो त्याहून थोडा कमी, चाळिशीच्या आसपास पडतो. अडचण कोन माहीत नसण्याची नसते, शरीर त्या कोनात नेण्याची असते. नवीन माणूस धनुष्याचा हातच वर उचलतो. तसे केले की खांदा कानाकडे चढतो, पाठीच्या स्नायूंचा आधार सुटतो आणि दोरी नकळत इंचभर पुढे सरकते. आमच्या धनुष्यांवर एक इंच ओढ गेली तर ऊर्जेतला दहा टक्क्यांच्या आसपासचा भाग जातो, म्हणजे १३० मीटरच्या बाणाचे बारा-तेरा मीटर. योग्य रीत अशी की आडव्या रेषेत पूर्ण ओढायचे, दोन्ही खांदे आणि बाणाची रेषा जुळवायची आणि मग तो सगळा साचा न मोडता कमरेतून मागे कलायचे, वजन मागच्या पायावर घेत.

शिक्षिकाबाईंच्या बाणावर मी ओढीच्या जागी पांढऱ्या चिकटपट्टीची बारीक कड लावली होती. आडव्या ओढीत ती कड रेस्टला, म्हणजे धनुष्यावर बाण टेकवायच्या आधाराला, टेकत होती. कलताना ती पुढे सरकून बोटभर बाहेर दिसू लागे. त्यांनी स्वतः ते पाहिले, थांबल्या, पुन्हा ओढले. अकराव्या वेळी कड जागेवर राहिली. मी काही बोलले नाही.

३० मार्च

आजची नोंद माझ्या चुकीची. गट सुरू करताना प्रत्येकीची ओढ मोजून त्यानुसार बाण कापून घेतले होते, आणि फ्लाइटला आखूड बाण चांगला या विचाराने ते नेमके कापले होते. पण नवशिक्याची ओढ पहिल्या महिन्या-दोन महिन्यांत वाढते, कारण खांदे मोकळे होतात आणि हनुवटीखाली हात स्थिर होतो. आज गटातल्या सर्वांत उत्साही मुलीची ओढ दीड इंचाने वाढली होती आणि बाणाचे टोक रेस्टच्या मागे, जवळजवळ तिच्या पकडीच्या मुठीपर्यंत आले. शेजारी उभ्या असलेल्या महिलेने “खाली घ्या, सोडू नका” असे ओरडून सांगितले, म्हणून बाण हातात घुसला नाही.

सत्र थांबवले. सर्व बाण परत घेतले, मंडळाचे जुने लांब बाण वाटले, आणि नवशिक्यांचे बाण ओढीपेक्षा किमान दोन इंच लांबच असतील असा नियम वहीच्या पहिल्या पानावर लिहिला. महिलांना चांगल्या साहित्यापासून वंचित ठेवल्याची भरपाई करण्याच्या नादात मी त्यांना अनुभवी तिरंदाजाचे साहित्य दिले होते. ती मुलगी पुढच्या सत्राला आली, हे तिचे मोठेपण.

२० एप्रिल

क्लाउट. अधिकृत अंतर रिकर्व्ह महिलांसाठी १२५ मीटर आणि पुरुषांसाठी १६५ मीटर आहे. गटासाठी आम्ही झेंडा ८० वर रोवला. अपेक्षेपेक्षा हा दिवस फार चांगला गेला, आणि त्याचे कारण गुण नव्हते.

क्लाउटमध्ये गुण मोजताना झेंड्याच्या बुडाशी एक दोरी अडकवतात, तिच्यावर दर दीड मीटरला खूण असते, अशी पाच वलये. दोरी ताणून झेंड्याभोवती सावकाश फिरवायची आणि प्रत्येक वलयामागून एक जण चालत आपल्या वलयातले बाण गोळा करतो. शेवटी पाच ढीग जमिनीवर ठेवले जातात आणि एकेकाने येऊन आपापले बाण ओळखून गुण पुकारायचे. इथे कोणी वाटेत थांबत नाही. सगळे एकाच ठिकाणी चालत जातात, चुकलेला बाणही झेंड्याच्या अलीकडे किंवा पलीकडे पडलेला असतो, आणि पलीकडे पडलेल्या बाणाचे लोक थट्टेने कौतुक करतात. जोराने बाण टाकणाऱ्या दोन पुरुष सदस्यांचे बाण आज दर फेरीला झेंड्याच्या पार मागे जात होते, तर गटातल्या एका महिलेने सहा बाणांपैकी चार वर्तुळात उतरवले.

एक निर्णय घेतला : यापुढे नवीन व्यक्तीची ओळख क्लाउटने करून द्यायची, फ्लाइट नंतर.

११ मे

सहापैकी तिघीच आल्या. दोघींच्या घरी आजारपण, एकीची कामाची पाळी बदललेली. सत्राची वेळ दर वेळी एकच ठेवण्याऐवजी आलटून पालटून दोन वेळा ठेवायचे ठरले.

२५ मे

गटाचे पहिले फ्लाइट. चार फेऱ्या, प्रत्येकी सहा बाण. वाटेत एकटे थांबण्याच्या प्रश्नावर पुष्कळ विचार करून आम्ही दोन बदल केले. रेषेवर सर्वांना एकत्र उभे न करता ओढीच्या वजनानुसार गट पाडले. फ्लाइटमध्ये वजनाचे वर्ग असतातच, आम्ही फक्त त्यांना आणखी खाली, वीस पौंडांपर्यंत नेले. दुसरे म्हणजे बाण आणायला निघाल्यावर आधी सगळ्यांनी सर्वांत दूरच्या बाणापर्यंत जायचे आणि मोजणी तिथून रेषेकडे परत येताना करायची. नियमात यामुळे काही बदलत नाही, अंतर तेच राहते. पण परत येताना ज्याचा बाण सर्वांत जवळ, त्याच्यापाशी सगळे जण असतात, आणि मोजणीचा शेवट त्याच्या आकड्याने होतो.

मोजणीत एक गंमत झाली. माझा एक बाण बराच उजवीकडे गेला होता आणि मी मोजपट्टी रेषेपासून थेट बाणापर्यंत तिरकी धरायला सांगितली. शिक्षिकाबाई गणित शिकवतात. त्यांनी पट्टी खाली ठेवली आणि विचारले, “अंतर मधल्या रेषेवर मोजायचे आहे ना? मग बाणापासून त्या रेषेवर काटकोन टाकायला हवा.” चार वर्षे पट्टी धरूनही मी घाईत चुकले होते. त्यांनी तिथेच काठीने मातीत हिशेब मांडला : ३०० मीटरवर दहा मीटर बाजूला गेलेल्या बाणाचे तिरके माप फक्त सतरा सेंटिमीटर जास्त येते, म्हणजे बाजूला जाण्याचे भय बाळगून कोन कमी करण्यात काही अर्थ नाही, पण तोच बाण दहा अंश बाजूला सुटला तर साडेचार मीटर जातात. हा हिशेब ऐकायला पलीकडच्या गटातले लोकही आले.

माझा सर्वांत लांब बाण ११८ मीटर. लिहून ठेवते आहे, कारण वहीत तिरंदाजांच्या रकान्यात माझे नाव आज पहिल्यांदा आले.

१५ जून

कार्यकारिणीपुढे तीन प्रस्ताव ठेवले. वजनाचे हलके वर्ग कायम करावेत. निकालाच्या फलकावर एकूण अंतरासोबत प्रत्येकाची मागील सत्रापेक्षा किती वाढ झाली तेही लिहावे. नोंद घेण्याचे काम पाळीने सर्वांकडे जावे आणि ज्याने एका फेरीत नोंद घेतली त्याला पुढच्या फेरीत बाण सोडायची संधी द्यावीच.

पहिले दोन विनाचर्चा मान्य झाले. तिसऱ्यावर वाद झाला, आणि वाद घालणाऱ्यांत नोंद घेणाऱ्या दोन महिलाही होत्या. त्यांचे म्हणणे असे की त्यांना बाण सोडायचा नाही, त्यांना मोजणीच आवडते, आणि प्रत्येकीला रेषेवर ढकलणे हाही एक हट्टच आहे. त्यांचे बरोबर होते. ‘द्यावीच’ काढून ‘विचारावे’ असा शब्द घातला. माझ्या मनात इतके दिवस मोजणी म्हणजे वगळले जाणे असे समीकरण बसले होते, ते माझ्यापुरते खरे होते, सर्वांसाठी नव्हे. त्यांपैकी एकीला पंचाच्या परीक्षेला बसायचे आहे; तिला त्यासाठी काय लागते त्याची माहिती काढून देण्याचे काम घेतले.

स्वच्छतागृहाचा विषय तिसऱ्यांदा पुढे गेला.

२९ जून

सहापैकी पाच जणी टिकल्या आहेत आणि त्यांनी आपापल्या ओळखीतून आणखी चौघींना आणले. नवीन चौघींना आज मी शिकवले नाही. गटातल्या बाकीच्या जणींनी ते काम वाटून घेतले. बाण ओढीपेक्षा दोन इंच लांब हवा हे त्या उत्साही मुलीने सर्वांत आधी सांगितले, स्वतःची मूठ पुढे करून टोक कुठे आले होते ते दाखवत.

शिक्षिकाबाई बावीसच्या पात्यांवर आज पूर्ण ओढीने सहाही बाण सोडू शकल्या आणि शेवटच्या बाणानंतर त्यांनी काटा मागितला. त्यांची ओढ आता २६ इंच आहे, बोटांवर अठरा पौंड येतात. त्यांना पुढचे वजन हवे आहे. कपाटात बावीसच्या पुढे थेट २८ आहे, तेही लांब पात्यांचे. मधली पायरी नाही. फेब्रुवारीतील मागणीची जी अर्धी बाजू नामंजूर झाली होती तीत नेमकी हीच पाती होती.

पुढील सत्रापूर्वीची कामे : २४ आणि २६ पौंडांच्या आखूड पात्यांची मागणी पुन्हा पाठवणे, लहान टॅब आणखी चार, चौदाच्या पात्यांची दोरी बदलणे, कारण तिचे मधले वेष्टण उसवू लागले आहे, आणि स्वच्छतागृहाचा अर्ज या वेळी सर्व महिलांच्या व पुरुषांच्याही सह्यांनिशी देणे. पहिली सही फेब्रुवारीत आक्षेप घेणाऱ्या ज्येष्ठ सदस्यांनी केली आहे.